लघवीतून चुंबकीय नॅनोकणांनी डोपामिन काढताना रिकव्हरी निम्म्यावर का येते?

प्रश्न
मॅग्नेटाइटच्या (चुंबकीय लोह ऑक्साइडच्या) नॅनोकणांवर डोपामिनला धरणारं फिनाइलबोरॉनिक आम्ल बसवून लघवीतलं डोपामिन वेगळं करतोय. १ मिली नमुना, २० मिग्रॅ कण, पीएच ८.५चा अमोनियम बफर, १० मिनिटं व्होर्टेक्सवर (यंत्राने) ढवळणं. मग कण चुंबकाने ओढून, पाण्याने धुऊन २ टक्के फॉर्मिक आम्लात डोपामिन सोडवतो. शुद्ध पाण्यात रिकव्हरी (घातलेल्यापैकी परत मिळालेलं डोपामिन) ९२ टक्के, लघवीत ४५. शेवटचं द्रावण किंचित पिवळं दिसतं. बोरेट बफर घेऊन पाहू का?

उत्तर १
बोरेट नको. तो स्वतःच कॅटेकॉलला (डोपामिनमधल्या शेजारी-शेजारी दोन ओएच गट असलेल्या वलयाला) धरतो, म्हणजे तुमच्या कणांना प्रतिस्पर्धी मिळेल. बफर घातल्यानंतरचा पीएच मीटरने मोजलाय का? नमुना टिकवायला हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं असतं, वर लघवीतलं फॉस्फेट. थोडा बफर तिथे पुरत नाही. पीएच ७च्या आसपास राहिला तर बोरॉनिक आम्लाची पकड ढिली पडते. आधी सोडियम मेटाबायसल्फाइट घाला, कारण अल्कली माध्यमात डोपामिन भराभर ऑक्सिडाइज होतं. मग थेंबाथेंबाने अमोनिया घालत ८.५ गाठा. या वेळी कॅल्शियम-मॅग्नेशियमची फॉस्फेटं साकळून नमुना गढूळ होतो. कण टाकण्याआधी तो सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर साका कणांवरच बसतो. आणि धुवायला साधं पाणी वापरू नका, त्यात पीएच उतरून डोपामिन निसटतं. ८.५चाच बफर घ्या.

उत्तर २
पिवळा रंग लघवीतल्या रंगद्रव्याचाही असू शकतो, सुटलेल्या लोहाचाही. अमोनियम थायोसायनेटचा थेंब टाका. लालभडक झालं तर फेरिक लोह. तसं असेल तर कणांवरचं सिलिकाचं आवरण अपुरं आहे. उघड्या मॅग्नेटाइटवर कॅटेकॉल थेट लोहालाच घट्ट धरतं आणि लघवीतलं फॉस्फेटही तिथेच चिकटतं. पाण्यातले ९२ टक्के पाहता मुख्य दोष हा नसावा, पण असे कण पुन्हा वापरले तर दर वेळी आवरण आणखी झिजेल.

उत्तर ३
४५ टक्के मोजले कसे, हे आधी पक्कं करा. लघवीत डोपामिन मुळातच असतं. वरून डोपामिन न घातलेल्या नमुन्याचा आकडा वजा करायलाच हवा. मोजायला एलसी-एमएस (घटक वेगळे करून त्यांचे आयन मोजणारं यंत्र) असेल तर साध्या लघवीचा अर्क काढून त्यात शेवटी डोपामिन घाला आणि शुद्ध द्रावकातल्या तेवढ्याच डोपामिनशी ताडून पहा. सिग्नल इथेही निम्मा आला, तर कण निर्दोष आहेत, लघवीतल्या इतर घटकांमुळे यंत्रात डोपामिनचं आयनीकरण दबतंय. ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजनचं) डोपामिन अंतर्गत स्टँडर्ड, म्हणजे तुलनेचं माप, म्हणून अगदी सुरुवातीलाच घाला. सिग्नल पूर्ण आला, तर कण ओढल्यावर उरलेलं पाणी, धुण्याचं पाणी आणि दुसऱ्यांदा केलेली सोडवणूक, तिन्ही वेगवेगळी मोजा. गळती कुठे आहे ते तिथेच कळेल.