ईमेलवरील डिजिटल स्वाक्षरीची खातरजमा कशी करावी?

प्रश्न

मी भाषांतराची कामे घेतो. जर्मनीतील एक ग्राहक प्रत्येक ईमेलवर ओपनपीजीपी (ईमेलवर डिजिटल स्वाक्षरी करण्याची एक खुली पद्धत) स्वाक्षरी करतात आणि करारातील बदल, देयकांचे तपशील असे महत्त्वाचे सारे त्यातूनच येते. ईमेलसोबत जोडून आलेली त्यांची पब्लिक की (स्वाक्षरी तपासण्यासाठी लागणारी डिजिटल किल्ली) मी थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये इम्पोर्ट केली, तरीही स्वाक्षरीपाशी प्रश्नचिन्हच दिसते. मजकूर वेगळ्या फाइलमध्ये उतरवून जीपीजी या स्वाक्षरी तपासणाऱ्या प्रोग्रामने तपासला, तर स्वाक्षरी चुकीची असल्याचे उत्तर येते. माझे सीए त्यांच्या डीएससीने (डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्राने) स्वाक्षरी करून ईमेल पाठवतात, तीही अविश्वसनीय ठरते. यातले नेमके कशावर विसंबावे?

पहिला प्रतिसाद

प्रश्नचिन्हाचा अर्थ स्वाक्षरी खोटी आहे असा नाही. ती की खरोखर त्याच व्यक्तीची आहे, हे तुम्ही अजून थंडरबर्डला सांगितलेले नाही, एवढाच आहे. ईमेलसोबत आलेली की हा त्या ईमेलचा पुरावा होऊ शकत नाही, कारण कोणाच्याही नावाची आणि पत्त्याची की कोणीही तयार करून जोडू शकतो. ग्राहकाला फोन करा. मात्र क्रमांक त्या ईमेलमधला नको, तुमच्याकडे आधीपासून असलेला हवा. त्यांना कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे ती की ओळखण्याची अक्षर-अंकांची खूण, वाचून दाखवायला सांगा. सध्याच्या बहुतेक कीमध्ये तो ४० अक्षरांचा असतो आणि चार-चारच्या गटांत वाचला की जुळवणे सोपे जाते. शेवटची आठ अक्षरे जुळली म्हणून कृपया थांबू नका: २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाने, शेवटची आठ अक्षरे अशीच जुळणाऱ्या बनावट पब्लिक की, अशा की साठवणाऱ्या सार्वजनिक सर्व्हरवर आढळल्या होत्या. सर्व अक्षरे जुळल्यावर कीच्या तपशिलात जाऊन फिंगरप्रिंट पडताळल्याचा पर्याय निवडा.

दुसरा प्रतिसाद

जीपीजीचे उत्तर बहुधा उतरवून घेण्याच्या पद्धतीमुळे आले असावे. पीजीपी-माइम (ओपनपीजीपी स्वाक्षरी ईमेलला स्वतंत्र भाग म्हणून जोडण्याची) पद्धतीत स्वाक्षरी केवळ दिसणाऱ्या मजकुरावर नसते, तर त्या भागाच्या माइम शीर्षओळींसह (मजकुराचे स्वरूप सांगणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या ओळींसह) संपूर्ण भागावर असते, आणि ओळींचा शेवटही ठरावीक सीआरएलएफ स्वरूपात (ओळ संपल्याचे दोन अदृश्य वर्ण) असावा लागतो. कॉपी-पेस्ट केल्यावर यातले काहीच टिकत नाही. त्यामुळे संपूर्ण ईमेल ईएमएल फाइल म्हणून जतन करा आणि तपासणी थंडरबर्डवरच सोपवा. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: विषयाची ओळ आणि तारीख सहसा या स्वाक्षरीच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून रक्कम किंवा मुदत केवळ विषयात लिहिलेली असेल तर ती मजकुरातही लिहिण्याची विनंती करा.

तिसरा प्रतिसाद

डीएससीचे कारण वेगळे आहे. प्रत्येक प्रमाणपत्राची हमी त्याच्या वरचे प्रमाणपत्र देते; भारतातील डीएससीची ही साखळी सीसीएच्या (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवरील सरकारी नियंत्रकाच्या) मूळ प्रमाणपत्रापर्यंत जाते आणि थंडरबर्ड वापरत असलेल्या मोझिलाच्या विश्वासार्ह यादीत ते नाही. ते सीसीएच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन थंडरबर्डच्या प्रमाणपत्र व्यवस्थापकात इम्पोर्ट करता येते, पण त्या वेळी फक्त ईमेल वापरकर्त्यांसाठीच्या विश्वासाची खूण करा, संकेतस्थळांसाठीची करू नका. २०१४ मध्ये याच साखळीतील एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेकडून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती, हे लक्षात घेता तेवढी काळजी आवश्यक आहे. त्यानंतरही स्वाक्षरी अमान्य दिसली, तर डीएससीमध्ये नोंदवलेला ईमेल पत्ता प्रेषकाच्या पत्त्याशी जुळतो का, ते पाहा.