मदत हवी आहे: नॅनो लोहाने डिस्टिल्ड वॉटरमधलं क्रोमियम निघतं, बोअरच्या पाण्यात मध्येच अडतं

काळीमाती

प्लेटिंग युनिटशेजारच्या बोअरवेलच्या पाण्यातलं हेक्झाव्हॅलंट (सहा संयुजेचं, विषारी) क्रोमियम नॅनो शून्यसंयुजी लोहाने, म्हणजे धातुरूप लोहाच्या अतिसूक्ष्म कणांनी, काढायचं आहे. पुढे हेच तिथल्या मातीसाठी वापरता येईल का, तेही बघायचं आहे. सगळे तपशील देतो, नेमकं कुठे चुकतंय ते जाणकारांनी सांगावं.

लोह असं बनवतो: 0.045 मोलर फेरिक क्लोराइडमध्ये तेवढ्याच आकारमानाचं 0.25 मोलर सोडियम बोरोहायड्राइड थेंबथेंब सोडायचं, 20 मिनिटं ढवळायचं, गाळून इथेनॉलने धुवायचं, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये 50 अंशांवर वाळवायचं. भुकटी झाकणाच्या बाटलीत राहते, वापर साधारण आठवड्याभरात होतो.

चाचणी: 250 मि.ली. पाणी उघड्या बीकरमध्ये, मॅग्नेटिक स्टररवर, लोह 0.5 ग्रॅम/लि. नंतर व्हॉटमन 42 गाळणकागदातून गाळून डायफेनिलकार्बाझाइड (हेक्झाव्हॅलंट क्रोमियमशी रंग देणारं रसायन), 540 नॅनोमीटरवर रंगाचं वाचन.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये डायक्रोमेट घालून केलेलं 20 मि.ग्रॅ./लि. क्रोमियम अर्ध्या तासात शून्यावर येतं. बोअरच्या पाण्यात क्रोमियम फक्त 8 मि.ग्रॅ./लि. आहे, तरी 35-40 टक्के उतरून थांबतं. चार तास ढवळलं तरी फरक नाही. या पाण्याचा सामू (pH) 7.9, क्षारता 380, काठिण्य 520, नायट्रेट 60 मि.ग्रॅ./लि. चाचणीअखेर सामू 8.7 होतो.

डोस दुप्पट करावा का? आणि नळीत भरलेल्या काळ्या मातीवर हेच द्रावण ओतलं तर सगळं काळं वरच्या दोन सेंटीमीटरमध्येच अडकतं. त्यावर उपाय?

फेरस

डोस वाढवू नका, आधी हिशोब बघा. एक मोल क्रोमियमला एक मोल लोह लागतं, म्हणजे 8 मि.ग्रॅ.ला साधारण 8.6 मि.ग्रॅ. तुम्ही 500 घालताय, गरजेच्या जवळपास 58 पट. लोह कमी पडत नाहीये, लोहाचा पृष्ठभाग क्रोमियमला मिळत नाहीये.

पहिलं कारण वाळवणं. वाळवलेल्या कणांवर ऑक्साइडचा थर चढतो आणि बाटली उघडली की तो वाढतो. रंगावरून लगेच कळतं: ताजं लोह गडद काळं असतं, राखाडी-तपकिरी झाक आली की ते कामातून गेलं. शिवाय पूर्ण कोरडी भुकटी हवेत पेट घेऊ शकते, त्यामुळे वाळवण्यात दुहेरी तोटा आहे. इथेनॉलखाली ओलं ठेवा, वर नायट्रोजन, आणि एक-दोन दिवसांत वापरा. डोस मोजायला त्या गाळाचा 1 मि.ली. आम्लात विरघळवून लोह काढा.

दुसरं, मॅग्नेटिक स्टरर. चाचणी संपल्यावर बीड (बीकरमध्ये फिरणारी चुंबकाची कांडी) बाहेर काढून बघा, तिच्यावर काळ्या मिशा आलेल्या दिसतील. ते तुमचंच लोह आहे, पाण्यात नसलेलं. वरून फिरणारा पंख्याचा स्टरर वापरा, नाहीतर बंद बाटल्या शेकरवर लावा. उघड्या बीकरमध्ये ढवळताना सतत ऑक्सिजन विरघळतो. एकदाच विरघळलेला 8 मि.ग्रॅ./लि. ऑक्सिजन सुमारे 28 मि.ग्रॅ. लोह खातो, आणि चार तासांत तो कितीतरी वेळा भरून येतो. पाण्यातून आधी 30 मिनिटं नायट्रोजन सोडा.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं. तुमच्या दोन चाचण्यांची तुलनाच होत नाही. डायक्रोमेट घातलेलं डिस्टिल्ड वॉटर आम्लधर्मी असतं, सामू पाचाच्या खाली. तिथे पृष्ठभागावरचा थर विरघळत राहतो आणि ताजं लोह उघडं पडतं. सामू 8 च्या वर गेला की क्रोमियम आणि लोहाचं मिश्र हायड्रॉक्साइड कणावरच बसतं. तुमच्या क्षारता-काठिण्याला त्यावर कार्बोनेटही जमणार. त्यात 60 मि.ग्रॅ. नायट्रेट पूर्ण अमोनियापर्यंत गेलं तर एकटंच 215 मि.ग्रॅ./लि. लोह संपवू शकतं, आणि सामूही वर ढकलतं. अमोनिया मोजा, लगेच कळेल.

दोषी कोण ते ठरवायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्रोमियम 8 वरच ठेवा आणि सामू 7.9 करून सुरुवात करा. मग एकेक घटक चढवा: सोडियम बायकार्बोनेट 640 मि.ग्रॅ./लि., मग सोडियम नायट्रेट 82, शेवटी कॅल्शियम क्लोराइड. प्रत्येक वेळी लोह त्याच बॅचचं हवं.

पाणीपरीक्षक

मला तुमच्या 'शून्या'बद्दलच शंका आहे. व्हॉटमन 42 ची छिद्रं अडीच मायक्रॉनची, त्यातून नॅनो कण आरामात जातात. डायफेनिलकार्बाझाइडसाठी तुम्ही सल्फ्युरिक आम्ल घालता तेव्हा ते कण विरघळतात आणि उरलेल्या क्रोमियमचं तिथेच, परीक्षानळीत, क्षपण होतं, म्हणजे ते ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचं) बनतं. 0.5 मि.ग्रॅ./लि. क्रोमियम गायब करायला अवघं 1.6 मि.ग्रॅ./लि. फेरस लोह पुरतं. म्हणजे बीकरमध्ये न झालेली स्वच्छता वाचनात दिसते.

0.2 मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून गाळा, नमुना घेतल्याबरोबर. मग ही खात्री करा: 141.4 मि.ग्रॅ. पोटॅशियम डायक्रोमेट एक लिटरमध्ये, हे झालं 50 मि.ग्रॅ./लि. क्रोमियमचं द्रावण. गाळलेल्या 50 मि.ली. पाण्यात याचे 0.5 मि.ली. घाला, त्यानंतरच आम्ल आणि रंगद्रव्य. वाचनात सुमारे 0.5 मि.ग्रॅ./लि. ची भर दिसायला हवी. 85 ते 115 टक्के परत मिळालं तर पद्धत विश्वासाची, 30-40 टक्केच मिळालं तर गाळलेल्या पाण्यात अजून लोह आहे. रंगासाठी 5-10 मिनिटं थांबा.

जोडीला एकूण क्रोमियम एएएसवर (अणुशोषण वर्णपटमापकावर) घ्या. पिण्याच्या पाण्याची आयएस 10500 या भारतीय मानकाची मर्यादा 0.05 मि.ग्रॅ./लि. आहे आणि ती एकूण क्रोमियमसाठी आहे, नुसत्या हेक्झाव्हॅलंटसाठी नाही. सूक्ष्म कणांवर बसलेलं ट्रायव्हॅलंट पाण्यातच राहिलं तर ते डायफेनिलकार्बाझाइडला दिसतच नाही.

काळीमाती

दोघांचेही आभार. बीडवर खरंच काळा थर येतो. मातीसाठी सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, कण एकमेकांना चिकटू न देणारा लेप) लावलेलं लोह सुचवलेलं वाचलं आहे. प्रमाण काय ठेवू? ते जमलं तर बोअरच्या पाण्यालाही तेच वापरता येईल का?

फेरस

एक लिटरला 1 ग्रॅम लोह धरून: नायट्रोजन सोडलेल्या पाण्यात सीएमसी 5 ग्रॅम, पूर्ण विरघळू द्या, गुठळी राहू नये. त्यात फेरस सल्फेट (सात पाण्याचं) 5 ग्रॅम, 20 मिनिटं ढवळणं, म्हणजे लोह सीएमसीला धरतं. मग थंड पाण्यात त्याच वेळी विरघळवलेलं बोरोहायड्राइड 1.36 ग्रॅम, सावकाश. यातून साडेतीन लिटरपर्यंत हायड्रोजन निघतो, म्हणून फ्यूम हूड हवा, ज्योत नको, आणि बाटलीचं झाकण आवळून ठेवू नका. बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. द्रावण शाईसारखं काळं राहिलं आणि तासाभरात तळाशी साका बसला नाही तर जमलं.

तरी काळ्या मातीकडून फार अपेक्षा नको. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज ओलं झालं की फुगतं, वाटा बंद होतात, सीएमसीने द्रावणही दाट होतं. आधी धुतलेल्या वाळूच्या नळीत किती पुढे जातं ते मोजा, मग वाळूत 10-20 टक्के माती मिसळून. दूषित थर उथळ असेल तर माती उकरून ओल्या अवस्थेत मिसळणं हाच रस्ता खात्रीचा. बसाल्टच्या मातीत मँगनीजची ऑक्साइडं असतात, ती ट्रायव्हॅलंटला परत हेक्झाव्हॅलंट करू शकतात. म्हणून मिसळल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा निक्षालन चाचणी (मातीतून पाण्यात किती क्रोमियम सुटतं ते बघणारी) घ्या.

बोअरच्या पाण्याला मात्र हे मुळीच वापरू नका. सीएमसीचं लोह धुता येत नाही, सगळं बोरॉन पाण्यात येतं: 1 ग्रॅम लोहामागे 387 मि.ग्रॅ. डोस 0.1 ग्रॅम/लि. धरला तरी सुमारे 39 मि.ग्रॅ./लि. बोरॉन. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य 2.4 आहे.

पाणीपरीक्षक

उपसलेल्या पाण्यासाठी नॅनोची गरजच नाही, हे प्रकल्पात स्पष्ट लिहा. साधं फेरस सल्फेट पुरतं: एका क्रोमियमला तीन फेरस, म्हणजे 8 मि.ग्रॅ./लि. साठी सात पाण्याचं फेरस सल्फेट सुमारे 130 मि.ग्रॅ./लि. सामू 7 ते 7.5 वर, दीडपट धरून सुरू करा, 15 मिनिटं ढवळा, मग हवा सोडून लोह बसवा आणि वाळूतून गाळा. नॅनो लोहाशी तुलना करायची तर हाच कंट्रोल ठेवा. त्याशिवाय नॅनोचा फायदा सिद्ध होत नाही. त्याची खरी जागा जमिनीखाली आहे, जिथे पाणी वर न काढता क्रिया घडवायची असते. आणि तिथेही कण काही मीटरच सरकतात, त्यामुळे इंजेक्शनची भोकं जवळजवळ घ्यावी लागतात.

राहिला गाळ. तो नाल्यात किंवा कचऱ्यात टाकू नका, उन्हात वाळवून भुकटीही करू नका. ओलाच झाकणाच्या डब्यात, लेबल लावून, प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या. सामू 8 ते 9 च्या मध्ये ठेवलात तर क्रोमियम गाळातच राहील.