केकताडाचा वाख (पानातला धागा) काळा पडतो, तुटतो. चुकतंय कुठे?

बांधकरी, एरंडोल
राम राम. बांधावर केकताड (घायपात) भरपूर आहे. पोळ्याआधी दावी-कासरे वळायचे आहेत. पानं तोडून दोन दिवस उन्हात टाकली, मग डबक्यात वीस दिवस कुजवली. वाख काळा निघाला, पीळ देताना तुटतो. हातांना खाज सुटली ती वेगळीच.

वाखवाला
अंबाडीचा कुजवायचा हिशेब केकताडाला लावलात, तिथेच फसलं. पान उन्हात सुकलं की त्यातला चीक गर वाखाला चिकटवून टाकतो. तोडलेलं पान त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सोलायचं. कुजवायची गरजच नाही. साचलेल्या पाण्यात जास्त दिवस राहिलं की गरासोबत वाखही कुजतो.

खालची, आडवी झालेली पानंच घ्या आणि झाडावर वीसेक पानं राहू द्या. मधल्या सुईजवळची (न उलगडलेल्या कोंबाजवळची) पानं कोवळी, त्यांचा वाख कच्चा. आधी टोकाचा काटा छाटा. बुडखा मोगरीने ठेचून पान उतरत्या फळीवर ठेवा आणि बोथट पात्याने मधून टोकाकडे खरवडा. मग पान फिरवून उरलेला अर्धा भाग. धारदार विळा नको, वाख कापला जातो. लगेच स्वच्छ पाण्यात धुऊन वाळवा. धुण्यात कंटाळा केला तर हिरवा गर राहतो आणि वाळल्यावर तिथेच ताठरपणा येतो.

पानाच्या वजनाच्या तीन-चार टक्केच वाख मिळतो. साठ किलो पानांतून दोन-अडीच किलो, त्यामुळे आधी हिशेब करा.

शिरपूरकर
भाऊ, केकताडनी खाज भलती बेक्कार ऱ्हास! रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत रुततात. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि रस डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा. धुतलेलं पाणी नाल्यात सोडू नका, त्या रसाने मासे मरतात.

तुमचं केकताड कुठलं तेही बघा. पानाच्या कडेला आकडेदार काटे आणि रंग राखाडी-निळसर असेल तर ते कुंपणाला झकास, सोलायला त्रासाचं. कडा गुळगुळीत आणि फक्त टोकाला काटा असेल तर ते सिसल, दोराचं खरं झाड. दोन्ही मूळची मेक्सिकोकडची. सिसल हे नाव युकातानमधल्या बंदराचं.

बांधकरी, एरंडोल
कडा गुळगुळीत आहेत. वळताना वाख कोरडाच घ्यायचा का?

वाखवाला
नाही. पाण्याचा हात मारून ओलसर करा, कोरडा वाख पिळात तुटतो. तीन पदर एका दिशेने पिळा आणि एकत्र वळताना उलट दिशा द्या, नाहीतर दोर उकलतो. पिळात लांबी आटते, म्हणून दहा हात कासऱ्याला पदर चौदा हातांचे धरा. वेसणीला मात्र हा दोर नको, नाक सोलतं. तिथे सुताचीच बरी.

शिरपूरकर
आणि दांडा निघालेल्या झाडाची पानं आधी काढा. फुलून गेलं की ते झाड मरतं. दांड्यावरची पिल्लं पावसाळ्यात बांधावर लावा.