मदत हवी आहे: कोरड्या मोसमात मॉडेलचं प्रकाशसंश्लेषण पडतंय, टॉवरवर उलट वाढतंय

मंडळी, ब्राझीलच्या तापाजोस जंगलातल्या के-67 फ्लक्स टॉवरचा (जंगल आणि हवा यांच्यातली कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण मोजणारा मनोरा) डेटा घेऊन ज्यूल्स मॉडेल (झाडं, माती आणि हवा यांच्यातल्या प्रक्रियांचं संगणकीय मॉडेल) तपासतोय. तिथे साधारण जुलै ते डिसेंबर कोरडा मोसम असतो, महिन्याचा पाऊस 100 मिमीच्याही खाली जातो, तरी टॉवरवरचा जीपीपी (जंगलाचं एकूण प्रकाशसंश्लेषण) मोसमाच्या उत्तरार्धात वर चढतो आणि माझं मॉडेल नेमकं तेव्हाच खाली येतं.

आधी पाण्यावर संशय होता. डिफॉल्ट माती 3 मीटरच खोल आहे, आणि या झाडांची मुळं त्याच्या बरीच खालून पाणी ओढतात, म्हणून माती 10 मीटर केली, मुळंही खोल नेली, स्पिन-अप (मॉडेल स्थिर होईपर्यंतची सुरुवातीची धाव) परत पूर्ण केला. घसरण थांबली, पण आलेख सपाट झाला, चढ काही येईना. रात्रीच्या शांत हवेतल्या बेभरवशाच्या नोंदी वगळणारा फिल्टर बदलून पाहिला, मोसमी आकार तोच राहतो. पावसाची आणि किरणोत्साराची इनपुट टॉवरवरचीच आहेत त्यामुळे तिथे गडबड नसावी.

आता वाटतंय मुद्दा पानांचा आहे. कोरड्यात जुनी पानं गळून नवी फुटतात, एकूण एलएआय (जमिनीच्या दर चौरस मीटरमागे पानांचं क्षेत्रफळ) फारसा हलत नाही पण नुकत्याच पूर्ण वाढलेल्या पानांची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता जुन्या पानांपेक्षा जास्त असते, आणि मॉडेलला पानाचं वय कळतच नाही. माझ्याकडे पानगळीच्या ट्रेची मासिक वजनं आहेत, पानांवरची वायूमापनं नाहीत. रन एकाच बिंदूचा, लॅपटॉपवर.

तर नुसत्या पानगळीवरून महिनावार व्हीसीमॅक्स (पानाची कार्बन डायऑक्साइड बांधण्याची कमाल क्षमता) ठरवून मॉडेलला देणं योग्य आहे का, आणि मग पडताळणी जीपीपीशी करू की थेट मोजलेल्या एनईईशी (श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण मिळून होणारी कार्बनची निव्वळ देवाणघेवाण)?