लिंकनचं चरित्र भरवशाचं आहे का, हे कसं तपासावं?

प्रश्न: अब्राहम लिंकनचं एक जाडजूड चरित्र हाती आलंय. वाचण्याआधी नेमकं काय पाहावं?

उत्तर १: पहिल्या आवृत्तीचं साल बघा, पुनर्मुद्रणाचं नाही. मुलगा रॉबर्टच्या अटीमुळे लिंकनची कागदपत्रं 1947 मध्ये खुली झाली. त्याआधी लिंकनचे दोन माजी सचिव सोडले, तर चरित्रकारांना ती फारशी मिळालीच नव्हती.

उत्तर २: मग अ‍ॅन रटलेज, म्हणजे लिंकनची तरुणपणीची कथित प्रेयसी, हिच्यावरचा भाग उघडून तळटिपा वाचा. ती 1835 मध्ये वारली. त्या प्रेमाच्या आठवणी मात्र हर्नडन या लिंकनच्या वकिली भागीदाराने लिंकनच्या हत्येनंतर, म्हणजे तीस वर्षांनी गोळा केल्या. लेखक हे सांगत असेल तर ठीक. दोघांचे संवादच अवतरणचिन्हांत असतील, तर सरळ कादंबरी समजा.

प्रश्नकर्ता: आणि लेखक भक्त आहे की टीकाकार, ते?

उत्तर २: दोन भाषणं शोधा. सप्टेंबर 1858, इलिनॉयमधलं चार्ल्सटन: कृष्णवर्णीयांना मताधिकार देण्याला विरोध. 11 एप्रिल 1865: त्यांच्यातल्या सुशिक्षितांना आणि सैनिकांना तो मिळावा, अशी इच्छा. पहिलं गाळणारा भक्त, दुसरं गाळणारा टीकाकार. मधल्या सात वर्षांत हा बदल कसा झाला, यावर पानं खर्च केली असतील तर पुस्तक जरूर वाचा.

उत्तर ३: हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क, लिंकनने 1861 मध्ये स्थगित केला; त्यावरचा मजकूरही पाहा. तो एका परिच्छेदात उरकणं मला अक्षम्य वाटतं.