पाळलेल्या माशाच्या खाद्यावर संशोधन हवं की औषधांवर?

कुहीचा तळेवाला
परवा मंगळवारी बाजारात रोहू घेत होतो. बाजूच्या काकू म्हणाल्या, "आंध्राचा नका घेऊ, इंजेक्शनचा असतो तो." आधी कोंबडी, मग दूध, आता मासा. शेततळ्यात हजारोंनी मासे असतात, एकेकाला धरून सुई कोण टोचणार?

मुद्दा वेगळा आहे. मासा बिघडतो तो खाण्यामुळे. आपण भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड निम्मी-निम्मी मिसळतो, भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगतो. त्यात लायसिन अन् मेथिओनिन ही प्रथिनांतली गरजेची अमिनो आम्लं कमी पडतात. पेंडीला बुरशी असेल तर तिचं विष, अफलाटॉक्सिन, थेट माशाच्या यकृतावर. शिवाय रोहू-कटल्याला जठरच नसतं, म्हणजे आम्ल नाही. धान्यातला बराचसा स्फुरद (फॉस्फरस) फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, तो त्यांना पचत नाही, तसाच पाण्यात पडतो. मग शेवाळ माजतं, पहाटे प्राणवायू संपतो, मासे तोंड वर काढतात. आपण म्हणतो रोग आला, आणि औषधाची बाटली घेऊन दुकानदार बांधावर हजर!

आपल्याकडे सोयाबीनची पेंड आहे, जवस आहे, नागपुरात तेलंगखेडीला मत्स्यविज्ञानाचं कॉलेज आहे. संशोधनाचा पैसा औषधापेक्षा इथल्या खाद्यावर लागावा असं माझं मत. पटत नसेल तर भांडा.

तर्रीपोहे
जवस माशाले? अन् आमी चटणी कायची खायाची भाऊ?

जुना मास्तर
इंजेक्शनची गोष्ट अगदीच हवेतली नाही. ते देतात, पण फक्त प्रजननाच्या नर-मादीला, अंडी सोडावीत म्हणून. शास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून 1957 मध्ये हे जमवलं. 10 जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्याचाच. ताटातल्या रोहूला कोणी टोचत नाही. काकूंना सांगा.

ढिवराचा पोरगा
मी हिंगण्याले कामाले हाय, गाव पवनीकडचं. तुमचं सारं शेततळ्याचं चालू हाय. आमच्या मच्छीमार संस्थेकडं मालगुजारी तलाव हाय, म्हंजे मालगुजारायच्या काळातला जुना तलाव, कोहळी समाजाच्या लोकायनं बांधलेला. एवढ्या पाण्यात गोळी खाद्य टाकाले कोणाची ऐपत हाय? मासोळी तलावातलंच खाते. आमचं दुखणं म्हणजे गाळ अन् बेशरमाची झुडपं. मार्चमधी पाणी गुडघ्यावर येते, मंग मासोळी मरते. थे लायसिनच्या कमीनं नाई मरत. संशोधन कराचं तर तलावावर करा.

आहारवाली
दोघंही माशाचीच काळजी करताय, खाणाऱ्याची कोण करणार? मोला नावाची बोटभर मासोळी डोक्या-डोळ्यांसकट खाल्ली तर अ जीवनसत्त्व भरपूर मिळतं, काट्यांचं कॅल्शियम वेगळं. रोहूचा काटा आपण ताटाबाहेर काढतो. आणि शेततळ्यात मत्स्यबीज सोडण्याआधी तुम्ही काय करता? मोहाची पेंड टाकता, हेक्टरी दोन-अडीच हजार किलो. त्यातल्या सॅपोनिनने असल्या सगळ्या मासोळ्या मरतात, कारण पुस्तकात त्या 'निरुपयोगी'. घरातलं पोषण मारायचं आणि मग पोषणावर संशोधन करायचं. छान.

कुहीचा तळेवाला
@आहारवाली, मोहाच्या पेंडीचं बोललात ते लागलं. मीही टाकतो. पंधरा-वीस दिवसांत तिचं विष उतरतं आणि तीच खत होते, म्हणून सोपं पडतं. पण बीज सोडताना तळ्यात मरळ राहिली तर बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) ती गिळते, त्याचं काय करू?

जवसाचं मात्र धरून ठेवतो. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3 असतं, वनस्पतीतल्या प्रकारचं. गोड्या पाण्यातला मासा त्यातलं थोडं स्वतःच डीएचए या माशातल्या ओमेगा-3मध्ये बदलतो. समुद्रातल्या बहुतेक माशांना ते फारसं जमत नाही, त्यांना तारलीचं तेलच लागतं. म्हणजे तारली भरडून माशाला घालण्यापेक्षा हे बरं की नाही?

पशुपोषण, तिसरं वर्ष
दादा, हळू. जवसात लिनाटिन असतं, ते ब6 जीवनसत्त्व निकामी करतं, आणि सायनाइड सोडणारे घटकही असतात. भाजल्याशिवाय, प्रमाण ठरवल्याशिवाय देऊ नका. कच्च्या सोयाबीनचंही तसंच, त्यातलं ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं द्रव्य) रोखणारं द्रव्य उष्णतेनेच जातं.

आणि औषधांवर एवढा राग का? लाल चट्ट्यांचा रोग 1988 च्या सुमारास भारतात शिरला, तो बुरशीसारख्या जिवाचा आहे. कितीही सकस खाऊ घाला, जानेवारीत पाणी गार पडलं की येतोच. त्यावर चुना आणि सिफॅक्स नावाचं औषध कामी आलं, ते औषधांच्याच संशोधनातून. हां, क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानसारखी बंदी असलेली औषधं लपवून वापरणाऱ्यांना ठोका, मी तुमच्याबरोबर आहे.

कुहीचा तळेवाला
सिफॅक्स मान्य. पण थंडीत मासा फारसं खात नाही आणि लोक माशाच्या वजनावरून खाद्य ठरवणाऱ्या तक्त्यावर बोट ठेवून तेवढीच पेंड टाकत राहतात. ती तळाशी कुजते, अमोनिया वाढतो, मासा आणखी खचतो. थंडीत किती टाकायचं हा खाद्याचाच प्रश्न झाला ना?

तर्रीपोहे
म्हणजे हिवाळ्यात मासा उपाशी अन् आमी सावजी खाऊन रायलो.

ढिवराचा पोरगा
तळेवाले भाऊ, प्रयोग कराचाच असन तं आमच्या तलावात करा. संस्थेले इचारतो, एक कोपरा जाळीनं बांधून देऊ. पोतं तुमचं, मेहनत आमची. पण मोहाची पेंड नाई टाकू देणार. मायले बारकी मासोळी लागते.