मदत हवी आहे: बॅकअपची किल्ली कोणाकडे ठेवावी?

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा गट आहे. लोक तक्रारी आणि कागदपत्रांचे फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. हे सगळं साठवायचं कुठे, यावरून सध्या जुंपली आहे. निम्मे म्हणतात, ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, काळजी कसली?’ मला ते पटत नाही.

निरोप वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही, हे मान्य. पण बॅकअपचं काय? व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप २०२१ पासून पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्लीने कुलूपबंद करता येतो, पण ते सेटिंग आपणच चालू करायचं असतं. आमच्यातल्या किती जणांनी केलंय, विचारू नका! आयफोनचा बॅकअप जिथे जातो त्या अ‍ॅपलच्या आयक्लाउडच्या नेहमीच्या बॅकअपची किल्ली अ‍ॅपलकडेही असते, म्हणजे कायदेशीर आदेश आला की तो उघडून देता येतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ हे सेटिंग चालू केलं तर किल्ली फक्त आपल्याकडे राहते, मग तसं होत नाही. मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांसाठी ती सोयच बंद झाली.

एकाने सुचवलं, युरोपातला सर्व्हर घेऊ. पण कंपनी अमेरिकी असेल तर २०१८ च्या क्लाउड अ‍ॅक्ट या अमेरिकी कायद्यानुसार डेटा कुठल्याही देशात असो, अमेरिकेतल्या आदेशाने द्यावा लागतो ना? शिवाय एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये उघड केलेला ‘प्रिझम’ हा अमेरिकी सरकारचा पाळतीचा कार्यक्रम तिथल्या पाळतीविषयक कायद्याच्या ज्या कलम ७०२ वर चालायचा, ते तर अमेरिकेबाहेरच्या परदेशी लोकांवरच नजर ठेवण्यासाठी आहे.

याउलट २०१६ मध्ये सिग्नल या निरोपाच्या अ‍ॅपकडे अमेरिकेत माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांना देता आलं ते एवढंच: खातं कधी उघडलं आणि ते सेवेशी शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं. मला असं काहीतरी हवंय.

आता अडलेल्या गोष्टी. मी माझा बॅकअप कुलूपबंद केला, पण पाठवणाऱ्याने त्याचा उघडा ठेवला, तर माझ्या खटाटोपाला अर्थ किती? सरकारने किती वेळा माहिती मागितली हे सांगणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या पारदर्शकता अहवालात राष्ट्रीय सुरक्षेच्या मागण्या ‘० ते ४९९’ अशा पट्ट्यात देतात. मग दोन कंपन्यांची तुलना करायची कशी? की तो अहवाल बाजूलाच ठेवावा?

मुख्य प्रश्न मात्र वेगळा आहे. क्रिप्टोमेटरसारख्या साधनाने फायली आधी कुलूपबंद करून मग क्लाउडवर चढवायच्या, असं माझ्या मनात आहे. पासवर्ड सगळ्यांना दिला तर गुप्तता संपली, एकाकडेच ठेवला आणि तो माणूस गट सोडून गेला तर फायली कायमच्या गेल्या. इथे कोणी आपल्या गटासाठी हे प्रत्यक्ष वापरलंय का? कसं जमवलंत?

‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला’ हे आमच्याकडे ऐकून झालंय, ते नको. कागद दुसऱ्यांचे आहेत.

ता.क. दोन सभासदांचे फोन बरेच जुने आहेत, त्यामुळे त्यांवर चालेल असंच सुचवा.